मिग-२१ चा उघडा ॲल्युमिनियम : खानदेशच्या हवेत मेटॅलिक एअरब्रशिंग

गिरणाकाठ, चाळीसगाव (धागाकर्ता)

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं, तेव्हापासून त्याच्या प्लास्टिकच्या मॉडेल किटबद्दल इथे सारखी विचारणा होते आहे. ओझरच्या एचएएलमध्ये (सरकारी विमान कारखान्यात) तयार झालेलं एफएल (मिग-२१ चा एक प्रकार) हे तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं विमान. ते सुरुवातीच्या काळात रंगाशिवाय, उघड्या धातूत उडायचं. १९७१ च्या युद्धात अनेक विमानांवर हिरव्या छटा चढल्या. म्हणून उघड्या धातूतलं एफएल करायचं असेल तर नेमक्या ज्या विमानाच्या नंबराचे आकडे लावणार त्याचा त्या काळातला फोटो आधी बघा.

मेटॅलिक रंग काही झाकत नाही. साधा हिरवा दोन कोटांत बारीक ओरखडा गिळून टाकतो. ॲल्युमिनियम तोच ओरखडा उजेडात आणून दाखवतो. कारण रंगातल्या धातूच्या चकत्या पृष्ठभागावर आडव्या निजतात. खालचा उतार जरा बदलला की तिथून उजेड वेगळ्या दिशेला फेकला जातो. त्यामुळे निम्म्याहून जास्त काम एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) हातात घेण्याआधीचं आहे.

शिवण : मिगच्या फ्युजलाजची (धडाची) शिवण, म्हणजे दोन अर्ध्या भागांचा जोड, वरून आणि खालून पूर्ण लांबीला जाते. तिथे सॉल्व्हंटवाली पुट्टी वापरू नका. ती महिनाभर आकसत राहते, शिवाय लॅकर (उग्र थिनरचा, झटपट सुकणारा रंग) शोषून घेते आणि वर मंद रेघ उमटते. फेविक्विकसारखा सायनो भरा आणि तासाभरात घासा. रात्रभर ठेवला तर तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो, मग घासताना आजूबाजूचं प्लास्टिक खाली जातं आणि शिवण उंचवट्यासारखी राहते.

घासणं : पाणी लावून सँडपेपर ६००, १०००, १५००, २०००, आणि शेवटी ३००० किंवा ४००० चा स्पंज. प्रत्येक नंबरला दिशा बदला. आधीच्या नंबरचे ओरखडे गेले की नाही ते तेव्हाच कळतं. पुसल्या गेलेल्या पॅनल लाइन (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा) इथेच पुन्हा कोरून घ्या.

धुणं : भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि कोमट पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक हात. इथून पुढे उघड्या बोटांनी मॉडेल धरायचं नाही, नायट्रिलचे हातमोजे. बोटाचा तेलकट ठसा काळ्या रंगाखाली दिसत नाही; चांदी आली की दिसतो.

बेस (मेटॅलिकखालचा थर) : ग्लॉस काळा लॅकर, टॅमियाचा एलपी-१ किंवा मिस्टर कलरचा जीएक्स-२. एक भाग रंग, दीड भाग लेव्हलिंग थिनर. हवेचा दाब १५ ते १८ पीएसआय. पहिला कोट धुक्यासारखा, पाच-दहा मिनिटं थांबून दुसरा ओला. ओला म्हणजे पृष्ठभाग भिजलेला दिसला पाहिजे, पण ओघळ सुटायच्या आत हात पुढे गेला पाहिजे. किमान ४८ तास झाकून ठेवा. मग ट्यूबलाइटखाली धरा. नळीच्या प्रतिबिंबाची कड धारदार दिसली तर बेस झाला. कड थरथरलेली दिसली तर ती संत्र्याची साल आहे. ४००० ने पाण्यात घासा, पुन्हा एक पातळ ओला कोट द्या.

काळाच का, तर चमकदार मेटॅलिकचा थर फार पातळ असतो, त्यातून काही उजेड आरपार जातो. काळा तो शोषतो आणि वर फक्त चकत्यांचा परावर्तित उजेड उरतो. चमक त्या फरकातून येते.

---

केळीचं पान, रावेर

माहितीबद्दल आभार दादा. एप्रिलपासून इकडे एकच अडचण येते. काळा नीट येतो, पण वर ॲल्युमिनियम मारला की पृष्ठभाग हाताला खरखरीत लागतो, चमक जाऊन राखाडी दिसतो. अल्क्लॅड (मेटॅलिक लॅकर) बाटलीतून थेट, १५ पीएसआय, एअरब्रशचं ०.३ मिमीचं नोझल, साधारण १५ सेंटिमीटरवरून. कुठे चुकतंय?

---

गिरणाकाठ, चाळीसगाव

ताई, अंतर. १५ सेंटिमीटर हे ४२ अंशांत फार झालं. थिनर वाटेतच उडतो आणि अर्धवट सुकलेले कण येऊन बसतात. चकत्या आडव्या निजण्याऐवजी उभ्या-तिरक्या राहतात, म्हणून खरखर आणि राखाडीपणा दोन्ही एकदमच येतात.

५ ते ७ सेंटिमीटरवर या. जवळ आल्यावर त्याच दाबाने रंग जाळ्यासारखा पसरेल, म्हणून दाब १२ वर आणा. हा आकडा ट्रिगर दाबून हवा वाहत असताना वाचायचा. बंद स्थितीत १५ दाखवणारा रेग्युलेटर हवा सुटली की ११-१२ वर उतरतो, त्यामुळे लोक एकमेकांना आकडे सांगतात आणि निकाल वेगळे येतात.

सुई थोडीच मागे, हात सतत चालता, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा. पहिल्या फेरीत काळा दिसत राहिलाच पाहिजे. तीन-चार फेऱ्यांत हळूहळू भरा. आणि वेळ : उन्हाळ्यात पहाटे पाच ते साडेसात. दुपारी चारला भिंतही तापलेली असते, मॉडेलही.

आताचा खरखरीत थर घासून वाचत नाही. लॅकर थिनरने पुसायला जाल तर खालचा काळाही निघेल. पूर्ण सुकू द्या, ३००० ने सपाट करा, काळ्याचा एक ओला कोट, मग पुन्हा.

---

जंक्शन, भुसावळ

रिटार्डरबद्दल (रंग सुकणं लांबवणारं द्रव) लिहितो. जे लॅकर आपण स्वतः पातळ करतो, टॅमियाचा चंदेरी एलपी-११ किंवा मिस्टर कलर, त्यात थिनरच्या ५ ते १० टक्के रिटार्डर घालता येतो. मिस्टर लेव्हलिंग थिनरमध्ये तो आधीच असतो, त्यात वरून आणखी ओतू नका. जास्त झाला तर थर दोन-दोन दिवस मऊ राहतो, हात लागला की ठसा. अल्क्लॅड तयारच पातळ असतो. त्यात रिटार्डरपेक्षा अंतर आणि वेळ बदलणं बरं.

दुसरं, कूलर. मे महिन्यात खोलीत कूलर लावून लॅकर मारणारे भुसावळात खूप आहेत. कूलर हवेत पाणी सोडतो. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर ती वाफ बसते आणि काळ्यावर दुधाळ झाक येते. पावसाळ्यात होतं तेच. कूलर मारायच्या तासभर आधी बंद करा, खिडकी उघडा. झाक आलीच तर वरून नुसत्या लेव्हलिंग थिनरचा अगदी हलका फवारा दिल्यास काळ्यावरची बहुतेक निघते. मेटॅलिकवर हा उपाय करू नका, चकत्या वाहतात.

---

सातपुडा, चोपडा

कापसाच्या हंगामातलं एक सांगायचं राहिलं. जिनिंग जवळ असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवेत रुईचे तंतू तरंगतात, आणि कोरड्या हवेत घासलेल्या प्लास्टिकवर स्थिर वीज साचते, ते तंतू ओढून घेते. कोरड्या फडक्याने पुसलं की वीज वाढते. किंचित ओलसर फडक्याने पुसा, मारायच्या आधी फरशीवर पाणी शिंपडा, पंखा बंद. मारून झालं की लगेच पालथा डबा. ओल्या काळ्यावर तंतू बसला तर चिमट्याने काढायला जाऊ नका. सुकू द्या, ४००० ने तेवढीच जागा घासा.

थंडीत उलटी अडचण. पहाटे पारा १०-१२ वर असतो, रंग जाडसर होतो आणि फवारा थुंकल्यासारखा येतो. बाटली कोमट पाण्याच्या वाटीत पाच मिनिटं ठेवा, झाकण घट्ट लावून. आचेजवळ नाही.

---

पांझरा, धुळे

भाऊ, काया बेस बठ्ठासले लागत नही! (काळा बेस सगळ्यांना लागत नाही!) धाग्यात सगळ्यांनी काळा काळा लावून धरलंय, म्हणून आडवा येतो.

क्रोम, पॉलिश्ड ॲल्युमिनियम, एअरफ्रेम ॲल्युमिनियम या छटांना ग्लॉस काळा हवाच. पण साधा ॲल्युमिनियम, डार्क ॲल्युमिनियम, ड्युराल्युमिनियम, स्टील हे नीट घासलेल्या राखाडी प्रायमरवर चांगले बसतात. सेवेतलं मिग आरशासारखं कधीच नव्हतं. ऑक्सिडेशन, माणसांच्या बुटांचे डाग, तेल. १/७२ मध्ये (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मॉडेलवर) तर पूर्ण काळ्या बेसवरची चमक खेळण्यासारखी दिसते. माझ्या मते १/७२ ला गडद राखाडी सेमी-ग्लॉस बेस, वर साधा ॲल्युमिनियम, आणि फक्त निवडक पॅनलखाली काळा.

जोडीला एक माहिती, कारण पी-५१ मुस्टँग (अमेरिकी लढाऊ विमान) करणारेही इथे आहेत : पी-५१ चे पंख कारखान्यातच पुट्टी भरून, घासून चंदेरी लॅकरने रंगवलेले असत, उघडा धातू फ्युजलाजवर. तिथे पंखांवर रिव्हेट आणि पॅनलची चमक दाखवणं चूकच. पंखाला एलपी-११ सारखा सपाट चंदेरी रंग, फ्युजलाजला काळ्यावर ॲल्युमिनियम. एकाच मॉडेलवर दोन बेस.

---

गिरणाकाठ, चाळीसगाव

पांझरादादा, १/७२ बाबत मान्य. १/४८ ला मी काळ्यावर ठाम आहे, कारण चमक नंतर कमी करता येते, वाढवता येत नाही. वरून सेमी-मॅट क्लिअरचा (पारदर्शक थराचा) हलका फवारा दिला की हवी तेवढी मंद होते. राखाडीवरून सुरुवात केली तर परतीचा रस्ता नाही.

---

तापीकाठ, शिरपूर

नवीन आहे. कोणता रंग घ्यावा? घरी लहान मुलं आहेत, वासाचा त्रास नको.

---

जंक्शन, भुसावळ

मग व्हॅलेहो मेटल कलर. ॲक्रिलिक आहे, ३२ मिलीची बाटली, पातळ न करता मारता येतो, वास जवळजवळ नाही. ॲल्युमिनियम, ड्युराल्युमिनियम, डार्क ॲल्युमिनियम आणि जेट एक्झॉस्ट एवढ्या चार बाटल्यांत मिग होतं. १२ पीएसआय, ०.३ नोझल. आपल्याकडे सुईच्या टोकावर फार पटकन सुकतो. दहा थेंबांना दोन थेंब फ्लो इम्प्रूव्हर (रंग वाहता ठेवणारं द्रव) घाला आणि दर दोन मिनिटांनी ओल्या कापसाच्या बोळ्याने टोक पुसा. मर्यादा एकच, पण मोठी : पकड कमी. टेप लावून काढताना सोलून निघू शकतो. खाली ॲक्रिलिक काळ्याऐवजी लॅकर काळा असेल तर बराच टिकतो, पण मग वास आलाच.

अल्क्लॅड : लॅकर, चमकेला उत्तम, मास्किंगला (टेप लावून भाग झाकायला) पक्का. उग्र थिनर, बाहेर किंवा एक्झॉस्टसमोरच.

एके एक्स्ट्रीम मेटल : एनॅमल जातीचा, मारायला सोपा. पण वर ऑइल किंवा एनॅमल वॉश (रेघांत मुरवायचा पातळ गडद रंग) द्यायचा असेल तर सावध, व्हाइट स्पिरिट त्याला उचलतं.

मिस्टर मेटल कलर : हा घासून चमकवायचा रंग. मारल्यावर मंद दिसतो. अर्ध्या तासाने चश्म्याच्या फडक्याने हलक्या हाताने घासा, धातू वर येतो. इंजिनाचे भाग, लँडिंग गिअर, इंजिनाचं मागचं नोझल यांना याच्यासारखा दुसरा नाही. पूर्ण विमानाला नको, कारण नंतर हाताळताना बोटांना लागतो.

टॅमियाचा एक्स-११ आणि एक्सएफ-१६ ब्रशने छोट्या भागांना ठीक. त्यांचा कण जाड आहे, १/४८ च्या पंखावर दाणे दिसतात.

कोणताही घ्या, बाटलीत स्टेनलेसच्या दोन बारीक गोळ्या टाका आणि मारायच्या आधी मिनिटभर हलवा. साधी लोखंडी छर्र्याची गोळी ॲक्रिलिकमध्ये गंजते. कपात एका वेळी १०-१५ थेंबच, कारण चकत्या तळाला बसतात. भरलेला कप संपत आला की शेवटी नुसता गाळ येतो.

---

पांझरा, धुळे

आता मिगचे पॅनल, कारण खरी मजा तिथे आहे.

आधी पूर्ण विमान एकाच ॲल्युमिनियमने. २४ तास. मग टेप. टॅमियाची टेप तळहातावर दोनदा चिकटवून काढा म्हणजे पकड कमी होते. उन्हाळ्यात टेपचा गोंद मऊ पडतो, रात्रभर ठेवलेली टेप चिकट पट्टा सोडते. लावा, मारा, तासाभरात काढा. काढताना टेप स्वतःवरच दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ओढा. वर सरळ खेचली तर रंग उचलते.

निवडक पाच-सहा पॅनलना डार्क ॲल्युमिनियम, १० पीएसआय, फक्त दोन हलक्या फेऱ्या. फरक जाणवेल न जाणवेल इतपत. प्रत्येक पॅनल वेगळा केला तर विमानाचा बुद्धिबळाचा पट होतो, आणि इंटरनेटवरची निम्मी मॉडेलं तिथेच फसतात. फोटोत ज्या पॅनलमध्ये फरक दिसतो तेवढेच करा.

नाकाचा शंकू आणि शेपटीचं वरचं टोक धातूचं नाही, रडार-रेडिओच्या लहरी जाव्यात म्हणून डायइलेक्ट्रिक आहे, त्याचा रंग हिरवा. तो शेवटी, आणि ॲक्रिलिक हिरव्यानेच. लॅकर हिरवा मारला तर थिनर टेपच्या कडेखाली शिरून चांदी विरघळवतो.

इंजिनाचं नोझल : आधी स्टील किंवा जेट एक्झॉस्ट. पोलाद तापताना पहिल्यांदा फिकट पिवळं, मग तपकिरी, जांभळं आणि शेवटी निळं पडतं. म्हणजे जिथे उष्णता सर्वांत जास्त तिथे निळा, आणि त्यापासून दूर जाताना जांभळा, तपकिरी, पिवळा. बरेच जण हा क्रम उलटा करतात. टॅमियाचे क्लिअर निळा, क्लिअर नारिंगी आणि स्मोक, एकास पाच किंवा त्याहून पातळ, ८ ते १० पीएसआय. एका फेरीत रंग दिसला तर तो जाड आहे.

---

केळीचं पान, रावेर

दादा, ५-७ सेंटिमीटर आणि १२ पीएसआयने खरखर गेली. आता १/२४ ची जुनी मोटार घेतली आहे. किटमधले क्रोमचे भाग आधीच चकचकीत आहेत, पण फ्रेममधून कापलेल्या जागी पांढरा डाग आणि मधोमध साच्याची रेघ. त्यावर कसं झाकायचं?

---

सातपुडा, चोपडा

झाकायचं नाही, उतरवायचं. ते क्रोम म्हणजे ॲल्युमिनियमचा अतिपातळ थर असतो. कपड्यांच्या द्रव ब्लीचमध्ये भाग बुडवून ठेवा. बहुतेक किटमध्ये तासाभरात निघतो, काहींत रात्र लागते. खिडकी उघडी, हातमोजे, आणि ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर, विशेषतः ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर, अजिबात मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो.

क्रोम गेल्यावरही खाली पारदर्शक किंवा पिवळसर लाखेचा थर राहतो. त्यानेच बारीक तपशील बुजलेला असतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने काढा. मग रेघ घासा, ग्लॉस काळा, ४८ तास, अल्क्लॅड क्रोम. क्रोमचा नियम इतरांपेक्षा कडक : काळा अजून थोडा दिसतोय असं वाटतं तिथेच थांबा. पूर्ण भरला की क्रोम संपून साधी चांदी होते. हे थांबणं प्लास्टिकच्या काळ्या रंगवलेल्या चमच्यांवर आधी गिरवून घ्या.

---

तापीकाठ, शिरपूर

डिकल (पाण्याने उतरवून लावायची छापील चिन्हं) लावायच्या आधी क्लिअर मारायचा का? तिरंगी वर्तुळाभोवती पारदर्शक फिल्म दिसते.

---

गिरणाकाठ, चाळीसगाव

क्रोम आणि पॉलिश्डवर कुठलाही क्लिअर नाही, राखाडी पडतात. साध्या ॲल्युमिनियमवर पातळ ॲक्रिलिक ग्लॉस चालतो, चमक थोडीशी उतरते. पण धातूचा थर मुळातच गुळगुळीत असल्याने डिकल थेटही बसतात. डिकलखाली हवा अडकून पांढरं पडणं हे खरखरीत पृष्ठभागाचं दुखणं आहे.

फिल्मची कड धारदार पात्याने छापील रंगाला लागून कापा. सॉफ्टनर (डिकल मऊ करणारं द्रव) पंखाखाली एका कोपऱ्यात लावून दहा मिनिटं बघा. काही मेटॅलिकवर तो डाग सोडतो. मॉडेलवर सांडलेला थेंब पुसायचा नाही, टिपायचा. पॅनल लाइनचा वॉश काळा नको, गडद तपकिरी-राखाडी घ्या. लॅकर असेल तर ऑइल वॉश चालतो, एक्स्ट्रीम मेटल असेल तर पाण्यावरचा.

---

जंक्शन, भुसावळ

मुलांचा उल्लेख आला म्हणून. लॅकरला कापडी किंवा धुळीचा मास्क उपयोगाचा नाही, सेंद्रिय वाफेची काडतुसं असलेला रेस्पिरेटरच लागतो. खोलीत देवघराचा दिवा, उदबत्ती, गॅस काही पेटतं नको. थिनरचा साठा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. मे महिन्यात तिथे बाटली फुगते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एनसी थिनर एअरब्रश धुवायला चालतो. रंगात घालू नका, तो पॉलिस्टायरिन खातो आणि कडा वितळतात.

कॉम्प्रेसर टाकीवालाच घ्या. टाकीशिवायच्या यंत्राचे ठोके मेटॅलिकमध्ये पट्ट्यांसारखे उमटतात, आणि फेरीच्या मध्येच वीज गेली तर तीन लिटरच्या टाकीत तेवढी फेरी पुरी करण्यापुरती हवा उरते. ४० अंशांच्या वर पंधरा-वीस मिनिटं चालवून विश्रांती द्या, नाहीतर थर्मल कटआउट पडतो. टाकीतलं पाणी रोज सोडा. पावसाळ्यात मारायच्या आधीही.

---

सातपुडा, चोपडा

आणि मेटॅलिकनंतरची धुलाई साध्या रंगासारखी नको. चकत्या नोझलच्या आतल्या खाचेत आणि सुईच्या पॅकिंगजवळ अडकतात, पुढच्या पांढऱ्यात किंवा क्लिअरमध्ये चकाकी येऊन पडतात. थिनरने दोन कप उलट बुडबुडे (टोक दाबून हवा मागे कपात सोडून) काढून, मग सुई मागून न ओढता पुढून काढा म्हणजे गाळ पॅकिंगमध्ये जात नाही. नोझल थिनरमध्ये भिजवा, पण रबराची रिंग त्यात टाकू नका, ती फुगते. ग्लॉस क्लिअरसाठी शक्य असेल तर वेगळा एअरब्रश ठेवा, स्वस्तातला ०.५ चा त्या कामाला पुरतो.